भज्यांवरची प्रार्थना

वजन उतरवायचा विषय माझ्यासमोर काढूच नका! नव्वद-एक्क्याण्णवची गोष्ट असेल. काष्टीच्या बाजारात कांद्याच्या काट्यावर मी आणि आमच्या चर्चचे पाळकसाहेब गमतीनं एकदमच चढलो. हमाल म्हणाला, "दोन क्विंटलला चारच किलो कमी हाय!" तिथंच दोघांनी ठरवलं, ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस तळलेलं बंद. साहेबांनी तर रविवारी अख्ख्या मंडळीसमोर जाहीरच करून टाकलं.

उपवासकाळात रोज संध्याकाळी एकेका घरी प्रार्थना असायची. पाचव्याच दिवशी सगुणामावशीचं घर आलं. तिनं मधोमध गरम कांदाभज्यांची परात ठेवली आणि डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. मावशीची प्रार्थना म्हणजे तालुक्यातले सगळे आजारी संपल्याशिवाय आमेन नाही. मला राहवेना. एक भजं हळूच तोंडात टाकलं. दुसऱ्यासाठी हात घातला, तर परातीत आधीच कुणाचा तरी हात! डोळे उघडले. समोर पाळकसाहेब, गाल फुगलेले.

तेवढ्यात मावशी त्याच सुरात म्हणाली, "आन् प्रभू, परातीतल्या ह्या दोन्ही हातांना क्षमा कर. आमेन."

सगळी मंडळी मोठ्यानं म्हणाली, "आमेन!"

आम्ही दोघंच गप्प. तोंडं भरलेली होती ना!