नष्ट केलेल्या पासवर्डांची यादी

तुमच्याकडे जुना कॉम्प्युटर कबाडीवाल्याला द्यायला पाच मिनिटं लागत असतील. आमच्याकडे हे आहेत, केंद्र सरकारात आयुष्यभर फायली सांभाळून रिटायर झालेले. दोन दिवस बसून यांनी डिस्क तीन-तीनदा पुसली, वर ड्रिलनं तिला भोकं पाडली. "डेटा चोरीला गेला तर आयुष्यातून उठू," म्हणे!

कबाडीवाला आला, तर यांनी त्याच्यापुढे एक यादी ठेवली, तीन प्रतींत. ऑफिसात जुनं रेकॉर्ड नष्ट करताना करतात ना, अगदी तशी. आधार नंबर नष्ट केला, पुढे तो नंबर. बँकेचा पासवर्ड नष्ट केला, पुढे तो पासवर्ड. अशा सतरा नोंदी!

मी म्हटलं, "अहो, पासवर्ड कशाला लिहिलात?"

"मग नक्की काय नष्ट केलं ते कळणार कसं? तुला प्रोसिजर कळत नाही, तू यात पडू नकोस."

तिन्ही प्रतींवर कबाडीवाल्याची सही घेऊन त्यातली एक यांनी त्यालाच दिली. त्यानं ती शांतपणे खालपर्यंत वाचली, घडी करून खिशात घातली आणि उचललेला कॉम्प्युटर पुन्हा आमच्या दारात ठेवला.

"बाऊजी, डिब्बा आप ही रख लो. मेरा काम तो हो गया."