दहाचे तीस

— नाही मॅडम, केबल चांगली आहे. मुख्य ऑफिसातून जो येतो तो आधी केबलच हलवून बघतो, राहू द्या ती. तुमच्या फायली उशिरा पोचतात कारण त्या तिसऱ्या ऑफिसातून वळसा घालून जातात. का? तर आमचा हा राउटर आणि दादाच्या ऑफिसातला राउटर एकमेकांना ओळख देत नाहीत. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ — तिकडचं नेटवर्क तोच बघतो. तर हे राउटर वाटा आपल्या आपण शोधतात, पण त्यासाठी दर ठरावीक सेकंदांनी शेजाऱ्याला ‘मी आहे’ असं कळवावं लागतं — आणि दोघांचा आकडा एकच लागतो. सध्या आमचे दहा, त्याचे तीस. मग कसली ओळख?

सुरुवात कोणी केली? म्हणजे — मीच केली. दोन्हीकडे दहाच होते. बाबा दादाकडे असायचे. गेल्या वर्षी ते गेले, आणि मला कळलं बायकोकडून, तिला वहिनीच्या बहिणीकडून. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. सख्ख्या भावाला एक फोन करवला नाही ह्याला. इथे येऊन मी दहाचे तीस केले — म्हटलं, आता तूही वळशाने ये. रागच होता, दुसरं काय.

वर्षभर त्यानेही काही बदललं नाही, मीही नाही. मग बाबांना वर्ष झालं त्या मंगळवारी सकाळी मीच नमतं घेतलं, तिसाचे परत दहा केले. बघतो तर तिकडे तीस! मी उतरलो तर हा चढला — मुद्दाम, मला खिजवायला. असा आहे आमचा दादा.

— दादाच्या ऑफिसातूनच आलात तुम्ही? हा कागद त्याच्या राउटरचा? बघू. मंगळवार... नऊ दहाला तीस केले. नऊ अकराला जोडणी झाली. नऊ पंधराला तुटली.

नऊ पंधराला मी —

चार मिनिटं चालू होतं, मॅडम. मी बघितलंच नाही. बदल करण्याआधी बघायचं असतं — नवीन माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतो मी. त्याला वाटलं असणार, आपण हात पुढे केला आणि ह्याने झटकला.

नाही, तुम्ही कीबोर्डला हात लावू नका. तोही तिकडे बदलत बसला तर पुन्हा तोच घोळ. आधी फोन करून त्याला सांगायला हवं, तू आहेस तिथेच थांब म्हणून... तुम्ही जरा बाहेर बसता का? आणि दार ओढून घ्या.