बटाट्याची चकती

सन्माननीय अध्यक्ष भाऊराव, व्यासपीठावरील पाहुणे, आमच्या दुकानाचे मालक नंदूशेठ, पहिल्या रांगेत बसलेल्या मंजुळावहिनी आणि अंधेरीच्या बाजारातील सर्व दुकानदार बंधुभगिनींनो,

पंचवीस वर्षं काउंटरमागे उभा राहिलो. माइकसमोर आज पहिल्यांदाच. नंदूशेठ म्हणाले, "अनंतराव, निवृत्त होताय, तर गिऱ्हाइकं नेहमी विचारतात तेच सांगा. पाइपची तंबाखू आणि सिगारची तंबाखू, यांत फरक काय?"

फरक पानापासूनच आहे. सिगारचं पान सावलीत वाळवतात, मग ढीग रचून महिनोन्‌महिने मुरवतात. ढीग आतून तापतो आणि पानाचा उग्रपणा उतरतो. वरून सहसा काही लावत नाहीत. अख्खी पानं गुंडाळायची, बाहेरून एक देखणं पान. पाइपचं तसं नाही. तीन-चार जातींची पानं एकत्र करून कापायची, कधी गोड पाक लावायचा, कधी रम, आणि ओलसर ठेवायची. मग सिगार चुरून पाइपमध्ये भरली तर चालेल का? पेटेल. पण तिखट लागेल आणि तुम्ही माझ्याशीच भांडायला याल.

पाइपची तंबाखू फार सुकली, तर डब्यात कच्च्या बटाट्याची चकती रात्रभर ठेवायची आणि सकाळी आठवणीने काढायची. हे मला धोंडिरामने शिकवलं. तो मागच्या खोलीत माल सांभाळायचा. मंजुळावहिनींचे यजमान. गेल्या श्रावणात तो गेला. आजचा सत्कार आम्हा दोघांचा ठरला होता.

नंदूशेठनी मघाशी त्याची आठवण काढली, ती "आपला बटाटा" म्हणून. आपण सगळे हसलात. गोष्ट बाजाराला पाठच आहे. धोंडिरामने सिगारच्या पेटीत बटाटा ठेवला आणि सिगार घ्यायला आलेल्या मढच्या शूटिंगवाल्यांसमोर पेटी उघडली, तर आत पांढरी बुरशी.

ती चकती मी ठेवली होती.

नोकरीचा पहिलाच आठवडा. मे महिना, सिगारची पानं तडकायला लागली होती. मला वाटलं, तंबाखू ती तंबाखू. चकती ठेवली आणि विसरलो. थोरल्या शेठनी, म्हणजे नंदूशेठच्या वडिलांनी, "कोणी केलं हे?" विचारलं. मी तोंड उघडायच्या आत धोंडिराम म्हणाला, "माझ्याकडून झालं, शेठ."

मागच्या खोलीत मी त्याला म्हटलं, असं का केलंस? तर म्हणाला, "अरे, तू नवा. तुला आजच घरी पाठवतील. मला चार शिव्या देतील, मग चहा मागवतील. गप डबे लाव."

चहा आला. नाव मात्र त्याला चिकटलं ते चिकटलंच. वहिनी, पुढे मीही त्याला त्याच नावाने हाक मारायचो. तो ओ द्यायचा.

शाल-श्रीफळाबद्दल मंडळाचा, भाऊरावांचा आणि नंदूशेठचा मी आभारी आहे. एकच विनंती. यापुढे धोंडिरामला धोंडिराम म्हणावं. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर क्षमा करावी. ते माझ्याकडून झालं.