ऑगस्टातलं ग्रहण आणि माझा अर्ज

विषय: खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी स्पेनला जाण्यास परवानगी मिळणेबाबत.

हसू नका, बायकोला मी खरंच असा लेखी अर्ज दिला. ती ग्रहणात पाणीसुद्धा पीत नाही, म्हणून एकट्यापुरतीच परवानगी मागितली. तिने चष्मा लावून अर्ज दोनदा वाचला.

"माझं नाव कुठंय?"

"अगं, तू ग्रहणात घराबाहेर पडत नाहीस!"

"अहो, हे ग्रहण पुण्यात दिसणार नाही, म्हणून पाळायचं नाही. पंचांगात लिहिलंय. मी पुण्याचीच ना?"

तीस वर्षं लोकांचे रजेचे अर्ज मी ज्या शेऱ्यानिशी परत पाठवले, तोच तिने माझ्या अर्जावर मारला: 'अपूर्ण. फेरसादर करावा.'

दोघांच्या नावाने त्याच दिवशी फेरसादर केला. ग्रहण ऑगस्टात आहे. अर्ज फ्रिजवर, चुंबकाखाली, प्रलंबित आहे.