गुंतवून ठेवा पोराला!

...न्हाई न्हाई, बसा की ओ, सरकू नका, जिन्यावर लई जागा हाय. तुमची पोरं सुटायला अजून येळ हाय, अन् मला वरून हाक येईस्तोर मी बी हितंच हाय, मी कुठं जाणार? जाऊ देतेत का मला कुणी? तुम्हाला सांगतो, अख्ख्या लातुरात माझ्याइतका बिझी माणूस न्हाई! डाळमिलचा मालक दुपारी लवंडतो, अडत्या पोत्याला टेकून डुलकी काढतो, ह्या क्लासचे सिद्धेश्वर सर... माझे सख्खे मामाच ते, पाटीवर मिशीवाला फोटो हाय बघा... ते बी जेवले की घोरतेत. आन मी? मी जरा गुमान पडलो की मामी येऊन नाकापुढं बोट धरती! श्वास चाललाय का बघती! झोपावं कसं माणसानं?

हे सगळं त्या एका वाक्यानं झालं. मला हितं आणलं त्या दिवशी मामा दारातच मामीला म्हणले, अगदी फळ्यापुढं उभे राहिल्यासारखे, 'विमल, दोन गोष्टी ध्यानात ठेव. एक, पोराला एकटं सोडायचं न्हाई. दोन, पोराला गुंतवून ठेवायचं!' झालं! मामीनं शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं गल्लीला सांगितलं, आन आता परीटसुद्धा मला बघितलं की इस्त्री हातात देतो. म्हणतो, 'घे, जरा गुंत!'

तुम्ही म्हणाल, एवढं काय झालं? सांगतो की.

आम्ही निलंग्याच्या पल्याडचे. बाप मी पाळण्यात असतानाच गेला. घरात आई, दगडूदादा आन मी. दादाच्या आधीची दोन लेकरं जगली न्हाईत, म्हणून ह्याचं नाव दगडोबा ठेवलं, कुणाची नजर लागू नये म्हणून. आन तसा होता बी दगडासारखा. बोलायचा म्हणून न्हाई. दिवसभरात दोनच शब्द. घरातून कुणी बी निघालं, 'येतो' म्हणलं, की बाजेवरून मान न उचलता म्हणणार, 'लवकर ये.' मला म्हणायचा, पाव्हण्याला म्हणायचा, पोस्टमनला म्हणायचा. एकदा म्हैस रानाला निघाली तर तिला बी म्हणला, 'लवकर ये'!

गणपती बुडवायच्या दिवशी मी म्हणलं, 'दादा, येतो रे.' तो म्हणला, 'लवकर ये.' आता गणपतीला गेलेलं पोरगं लवकर येतं का कधी? न्हाई आलो. म्हणून तर तुमच्याफुडं बसून बोलायलोय. पहाटं भुई हलली. आमच्या भिंती तुम्हाला ठाऊक हायेत, दीड-दोन हात रुंद, नुसता दगड आन माती. आई अंगणात होती, ती वाचली. दादा बाजेवर होता.

गावाभायेर लिंबाखाली सरणं रचली. एकाचं एक असं न्हाईच, गल्लीचं मिळून एक. मग सगळे उठले, मागं न बघता चालू लागले. तुम्हाला माहीतच हाय, मयताच्या घरून निघताना सुद्धा 'येतो' म्हणायचं न्हाई, तितं तर न्हाईच न्हाई. आन मी... अहो, जन्माची सवय! निघालो तसं तोंडातून गेलंच की माझ्या, मोठ्यानं, 'दादा, येतो रे!'

जी बोंब उठली म्हणता! 'आरं काय बोललास!' 'मसणात येतो म्हणतेत का!' 'आता ह्याला बी नेतंय बघ ते!' कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी भस्म लावलं. आईनं तर माझा दंड असा धरला, असा धरला, की तिच्या बोटांचे वळ कितीतरी दिवस ऱ्हायले. आन तिनंच मामाला शपथ घातली. म्हणली, 'भाऊ, ह्याला घेऊन जा. त्यो वायदा करून बसलाय. त्याला हितं ठेवू नको, एकटा सोडू नको.' स्वतः मात्र येईना. का? तर नवं गावठाण व्हायलंय, तिथं घर मिळणार, पत्र्याचं शेड सोडलं तर नंबर जाईल. बरं. मी आलो. आन लागले सगळे मला गुंतवायला!

पहाटं उठवून तालमीत. तिथं हणमंत वस्ताद. वस्तादाचं म्हणणं, दुःख घामातून निघतं. 'मार बैठका! निघालं का?' मी म्हणलं, 'न्हाई.' 'मार आणखी! आता?' म्हणलं, 'वस्ताद, पाय निघालेत, दुःख तितंच हाय.' तर म्हणले, 'मग जोर मार, वरच्या अंगात अडकलं असंल!'

तितून सुटलो की हितं, वर, मामाच्या क्लासात. अहो मी आठवी नापास! आन बसवलं कुठं, तर डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांत, मागच्या बाकावर! माझ्या बाजूचा नांदेडचा आलोक, त्याला झोपेत बी सूत्रं पाठ, आन मला त्याचं दप्तर सुद्धा नीट उचलता येत न्हाई. एक दिवस मामांनी विचारलं, 'वरून दगड सोडला तर काय होईल?' सगळी पोरं खाली माना घालून भराभरा लिहायला लागली. मी उठलो, जिना उतरलो आन त्या समोरच्या पटांगणात मधोमध जाऊन बसलो. मामा मागं आले. बसले शेजारी, पांढऱ्या प्यांटीवर. त्या दिवसापासून मामा दगड सोडत न्हाईत. चेंडू सोडतेत.

पण उठू देतेत का बाकावरून? न्हाई! सकाळची बॅच गेली, दुपारची आली, मी तितंच! एक दिवस अर्धापूरचे एक पाव्हणे केळीचा घड घेऊन आले, पोराला क्लासात घालायला. त्यांनी बघितलं, सकाळी बी हाच, संध्याकाळी बी हाच. जवळ येऊन हात जोडले, म्हणले, 'सर, रिपीटर का, पुन्हा परीक्षेला बसणारे? कसं जमतं तुम्हाला? काय करता?' म्हणलं, 'काय न्हाई ओ. उठू देत न्हाईत म्हणून बसतो.' तर पोराच्या पाठीत धपाटा घालून म्हणतेत कसे, 'ऐक बाळा, ऐक! बैठक पाहिजे, बैठक!'

क्लास संपला की वाचनालय. वाचन! मी! बोट ठेवून एकेक अक्षर लावणारा माणूस! हाताला येईल ते पुस्तक उचललं, उघडलं. आन तुम्हाला सांगतो, ती एकच जागा अशी सापडली, की तितं कुणी माझ्याशी बोलत न्हाई. सगळ्यांच्या माना खाली. कुणी गुंतवत न्हाई, कुणी श्वास तपासत न्हाई. मग काय... मी पुस्तक तोंडाफुडं धरलं आन मनसोक्त रडलो. पार नाक वाहीस्तोर. पार्वतीबाई म्हणून हायेत तिथल्या, त्यांनी लांबून बघितलं. जवळ आल्या, हळूच पुस्तक उलटं करून नाव वाचलं. 'मधमाशी पालन'. माझ्याकडं बघितलं. पुस्तकाकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी गेलो तर हसून म्हणल्या, 'या, तुमच्यासाठी काढून ठेवलंय.' 'कुक्कुट पालन'!

आन फिरवणं? हवापालट! एक म्हणतो तिरुपतीला न्या, एक म्हणतो शेगावला न्या, मामी म्हणती गोव्याला समुद्र बघितला की मन मोकळं होतंय. सगळा हिंदुस्थान दाखवायला तयार हायेत, फक्त निलंग्याच्या गाडीत बसू देईनात! आन मला जायचं कुठं होतं? तितंच! मी 'येतो' म्हणून आलोय ओ! मरायला न्हाई, खुळे का काय तुम्ही, मला जेवायला दोनदा वाढून लागतं. पण शब्द दिलाय ना? जाऊन नुसतं बसायचं घटकाभर. त्यात नव्या गावठाणाच्या रस्त्यासाठी लिंब तोडणार म्हणून कानावर आलेलं. लिंबच गेला तर मी कुणाकडं जाऊ?

पण घरातून निघायचं कसं, ते सांगा की मला! उंबऱ्यात उभा ऱ्हायलो, म्हणलं, 'मामी, येतो.' मामीच्या हातातून परात पडली! 'कुणाला येतो म्हणलास? कुठं येतो?' लगेच मीठ-मिरच्या आणून माझी दृष्ट काढली. दुसऱ्या दिवशी म्हणलं, बरं, 'मामी, जातो.' 'अगं बाई! जातो म्हणू नये रे असं अभद्र!' पुन्हा मिरच्या. तिसऱ्या दिवशी म्हणलं, बोलायचंच न्हाई, गुमान निघालो. तर मामी कणकेच्या हातानं चौकापर्यंत पळत! 'मयताच्या घरातून निघावं तसा न बोलता निघालास! काय समजायचं आम्ही?' आता मला सांगा, येतो न्हाई, जातो न्हाई, न बोलता न्हाई... मग माणसानं घराभायेर पडायचं कसं? चिमणी होऊन?

मार्ग दाखवला शेजारच्या मनस्विनीनं. ही एवढीशी, बालवाडीत जाती. दप्तर पाठीला, हात वर, 'टाटा!' आन सगळी गल्ली हसून 'टाटा, टाटा!' एका बी बाईचा चेहरा पडला न्हाई! म्हणलं, मिळालं! दुसऱ्या दिवशी बनियनवर सदरा घातला, उंबऱ्यात गेलो आन ह्या मिशा फुटलेल्या तोंडानं हात हलवून म्हणलं, 'टाटा, मामी!' आन मामीचा हात आपसूक वर! 'टाटा, बाळा!' तिला कळायच्या आत मी स्टँडवर!

यष्टीनं निलंगा, तितून जीपनं गाव. शेडांच्या रांगा, सगळी सारखी, आपलं कुठलं ते कळंना. केवळाबाई चुलीपाशी होती, शेजारची. म्हणलं, 'काकू, आई कुठाय?' म्हणली, 'दिवस कलला की ती कुठं असती? लिंबाखाली. रोज जाती की.'

रोज? म्हणलं, आँ? मला लातुरात कोंडून ही रोज?

गेलो. आई पाठमोरी बसली होती. भुई नुसत्या हातानं सारखी करत होती, बाजेवरची वाकळ नीट करावं तशी. मी मागं उभा. मग ती गुडघ्यावर हात देऊन उठली, पदर झटकला, आन साधं, रोजचं बोलावं तसं म्हणली, 'दगडोबा, येते रे.'

आन थांबली. निघंना. कान देऊन उभी... तुम्हाला सांगतो, मी लई उतावळा माणूस, माझ्या तोंडावर माझा ताबा न्हाई. माझ्या तोंडातून गेलं, 'लवकर ये.'

अशी दचकली! अशी दचकली ओ म्हातारी! गर्रकन फिरली, मला बघितलं, आन पायातली चप्पल काढून जी सुरू झाली... 'मुडद्या! जीव घेतोस का!' मी पळतो लिंबाभोवती, ती माझ्या मागं, मी वरडतो, 'आई, तू बी येते म्हणलीस! तू बी म्हणलीस!' ती वरडती, 'मी म्हातारी हाय! मी म्हणलं तर चालतं! तू न्हाई म्हणायचं!' म्हणलं, 'का न्हाई चालत?' म्हणलं, 'तू गेलीस तर मी कुणाच्या घरी येऊ?' तशी ती थांबली. चप्पल खाली पडली. आन माझ्या गळ्यात पडून जी रडली... इतके महिने ती रडलीच नव्हती म्हणं. केवळाबाईनं नंतर सांगितलं. लिंबाखाली आम्ही दोघं. पार नाक वाहीस्तोर. आन ह्या खेपेला पुस्तक बी नव्हतं तोंडाफुडं धरायला.

मग? मग काय! तसंच तिला जीपमधी घातलं, यष्टीत घातलं. शेडचा नंबर केवळाबाई बघती. हितं आणून दारात उभं केलं आन मामीला म्हणलं, 'मामी, दोन गोष्टी. एक, म्हातारीला एकटं सोडायचं न्हाई. दोन...' पण दुसरी सांगायची गरजच पडली न्हाई. मामीच्या डोळ्यात ते आलंच होतं.

आता वर मागच्या बाकावर आम्ही दोघं बसताव! आईची नजर सारखी वर, स्लॅबवर, कुठं चीर दिसती का बघती. खालून डाळीचा ट्रक गेला की पहिली तीच उठती. मामा पोरांना म्हणतेत, 'आक्काचं लक्ष बघा!' परवा अर्धापूरचे पाव्हणे पुन्हा घड घेऊन आले, आईकडं बघत ऱ्हायले, आन मला हळूच विचारतेत, 'ह्या बी रिपीटर का?' संध्याकाळी वाचनालयात मी बोट ठेवून कुक्कुट पालन वाचतो, आई म्हणती, 'हं, फुडं?' वस्ताद तिला पटांगणाला फेऱ्या मारायला लावतेत, मागनं मी. कुणी सुटलं न्हाई बघा. मी गुंतलोच होतो, आता माझ्या हातानं तिला बी गुंतवली. सुट्टी? सुट्टी कसली! लिंब तोडायच्या आत एकदा दोघं मिळून जायचं ठरलंय, पण मामी म्हणती आधी तिरुपती!

हां! आली बघा आईची हाक वरून! ऐकलं का काय म्हणती? जिन्यावर बसलेल्या पोराला सुद्धा, 'हरिओम, लवकर ये!'

आलो गं आलो... बरं मंडळी, तुम्ही बसा. आपल्याला येतो म्हणता येत न्हाई, जातो म्हणता येत न्हाई, आन गुमान उठलो तर तुमचे चेहरे पडतील. तवा... करा की हात वर, लाजता काय?

टाटा!