भाऊरावचा काटा जागेवर आला होता

मंडळी, शकुनवहिनी, सगळ्यायले जय भीम.

मले आज बोलता येत नाही. युनियनच्या सभेत बोलते तो रामटेके वेगळा. समोर भाऊराव मेश्रामचा फोटो हाये, आन् फोटोतही तो माह्यापेक्षा बारीक दिसून राहिला.

खरं सांगतो, मले त्याचा हेवा वाटे. आजही वाटते. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मंग हेवा काय वाईटाचा वाटते?

आमी दोघं प्लांटच्या गेज शॉपमधले. प्रेशर दाखवणारे काटे दुरुस्त करणं आमचं काम. आमचं सोताचं प्रेशर मात्र डॉक्टरनं एकाच दिवशी पकडलं. दोघायची ढेरी, दोघायले साखर, दोघायले बीपी. डॉक्टर म्हणे, "हे तिघं सोबतच राहतात. मीठ कमी, गोड कमी, रोज पायी चाला, आन् गोळी चुकवू नका."

भाऊरावनं सायकल ठेवून देली. रुआबांध्याच्या घरून प्लांटात पायी येऊ लागला. वहिनीनं तर सगळ्या घराचंच मीठ कमी केलं. पोरं, सोता ती, सगळे तेच खात. माह्या घरी? माहं वरण वेगळं, बाकीच्यायच्या ताटात ठेचा. मी एकटा तोंड पाडून जेवत होतो. सांगा, हेवा कावून नाही वाटणार?

तपासायले सोबतच जात होतो. त्याचं बीपी खाली, माहं वरच. डॉक्टर त्याची पाठ थोपटत. घरी आलो की बायको म्हणे, "मेश्राम भाऊजीले पाहा जरा."

मंग एक दिवस भाऊराव म्हणे, "रामटेके, म्या गोळी सोडली. काटा जागेवर आला, जॉब क्लोज."

आमच्या शॉपचा कायदाच तो. काटा जागेवर आला की पाना खाली ठेवायचा. म्या म्हटलं, "डॉक्टरले इचारलं का?"

तो हसला. "तुही गोळी सुटली नाही म्हणून जळून राहिला काय?"

जळत तर होतोच. तरी म्हटलं, इचारून घे. पुन्हा म्हटलं, इचारून घे. पण जळणाऱ्याचं कोण ऐकते?

मंडळी, काटा गोळीनंच जागेवर राहिला होता. गोळी गेली, प्रेशर गुपचूप चढलं. ना डोकं दुखलं, ना चक्कर आली. आन् गेल्या मंगळवारी डोक्यातली नस फुटली. माहं बीपी कधी उतरलंच नाही, म्हणून गोळी सोडायचं माह्या मनातच आलं नाही. म्हणून मी इथं उभा हाये.

काल आमी नवराबायको वहिनीजवळ बसलो होतो. माह्या गोळीची वेळ झाली. बायकोनं पदराच्या गाठीतून गोळी काढली, माह्या हातावर ठेवली, पाणी देलं. वहिनी पाहून राहिली होती. माह्याकडं नाही, माह्या बायकोच्या तोंडाकडं. ती नजर म्या लगेच ओळखली. इतके वर्स माहीच होती ती.

वहिनी, तुमाले कधी माह्या घराचा हेवा वाटन, असं सपनातही आलं नव्हतं. मले तो नको होता.

आता सगळे उभे राहा. थोडा वेळ कोणी काही बोलू नका. भाऊराव, तुले जय भीम.