गोलामागची तूर

आमच्या कॉलेजच्या पोरांना गोल का मारता येत नाही, हे मला बंगळूरच्या फुटबॉल प्रशिक्षकांच्या वर्गात कोणी शिकवलं नव्हतं बरं का! अकोल्यात आम्ही चार-शून्यनं हरलो. पुढच्या सामन्यातही गोल झाला नाही तर संघ बंद, असं प्राचार्यांनी निकाल कळताच फोनवर बजावलं. परतताना वऱ्हाडातल्याच मालेगावला चहासाठी थांबलो, तेव्हा मी आमच्या फॉरवर्डला, सलीमला, धरलं.

"गोल समोर होता, तू पास काहून दिला?"

"सर, मांग तूर हाय ना."

"कुठं?"

"आपल्या मैदानावर. गोलच्या मांगच रामभाऊ काकाचं वावर हाय. बॉल तुरीत गेला का काका काठी घेऊन येते. म्हणून आमी जोरात मारतच नाही."

"अरे, पण आज अकोल्यात कुठं होती तूर?"

सलीमनं कप खाली ठेवला आणि बाकीच्यांकडे वळला. "हो ना बे! तिथं तं भिंत होती!"

दुसऱ्या दिवशी मी रामभाऊकाकांना सगळं सांगितलं. ते ऐकून घेत हसले आणि संध्याकाळी काठीसकट येऊन तुरीच्या कडेला धुऱ्यावर बसले. सलीमनं डोळे मिटून बॉल हाणला. तो गोलावरून थेट तुरीत! सगळी पोरं जागीच थिजली. काका उठले, तुरीत शिरले आणि बॉल परत फेकला.

"भेतं कायले? पुन्हा मार. पण जरा खालून मार बे, गोलबी होते अन् तूरबी वाचते!"